फुंकरीतून कळणारी सूज

पाथर्डीकडची पुष्कळ मंडळी दसरा-दिवाळी आटोपली की कोयते घेऊन ऊसतोडीला निघतात. तिथे फडाजवळ पाचटाची कोपी, कोपीच्या तोंडाशी चूल, आणि हाती लागेल ते जळण. भाकरी थापणारी बाई खोकू लागली की घरचे म्हणतात, "धुराचा आहे, जाईल." तो नेहमीच जातो असे नाही. विडीला न शिवलेल्या माणसालाही चुलीच्या धुराने फुप्फुसाचा जुनाट विकार जडतो, हे पुण्याचे डॉ. संदीप साळवी व लंडनचे प्रा. बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट' नियतकालिकात विस्ताराने मांडले.

पण धाप सगळी एका जातीची नसते. दम्यात श्वासनलिका आतून सुजतात. ती सूज बाहेरून कशी ओळखायची? सुजलेल्या नलिकांतून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू जास्त सुटतो आणि उच्छ्वासाबरोबर बाहेर पडतो. हा वायू उच्छ्वासात असतो हे स्वीडनमध्ये १९९१ साली आढळले, आणि दमेकऱ्यांत तो अधिक असतो हे १९९३ साली.

अधिक म्हणजे किती? हवेच्या एक अब्ज भागांत पन्नासाहून जास्त. ज्वारीच्या तीनशे क्विंटल राशीत अदमासे एक अब्ज दाणे भरतील; त्यातले पन्नास दाणे वेचून मोजायचे, असे हे काम. यंत्र ते लगेच करते. रोग्याने छाती भरून श्वास घ्यायचा आणि नळीत दहा सेकंद संथ, एकसारखी फुंकर घालायची. फुंकणीसारखा जोर इथे चालत नाही.

मोठ्या माणसात आकडा पन्नासाच्या वर गेला, तर ओढण्याच्या स्टेरॉइड औषधाचा गुण येण्याचा संभव बराच. पंचविसाच्या आत असला तर कमी. मधल्या आकड्याचा अर्थ डॉक्टरांनी इतर लक्षणे पाहून लावायचा. विडी ओढणाऱ्याचा आकडा खाली येतो, पालक-बीट खाल्ल्याने वर जातो, म्हणून आधी विचारून घ्यावे लागते.

आणि मुख्य गोष्ट अशी की, धुराच्या जुनाट विकारात हा आकडा पुष्कळदा वाढतच नाही! तेव्हा आकडा कमी आला म्हणून त्या बाईला "काही झालेले नाही" असे सांगून परत धाडू नये. तिच्यासाठी जोराने फुंकण्याची दुसरी तपासणी आहे, स्पायरोमेट्री. खोकला दोन आठवड्यांवर गेला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकीही तपासून घ्यावी, ती तपासणी फुकट होते.

गुरुजी, वर्गातला एखादा मुलगा खेळताना शिट्टीसारखा श्वास घेत असेल, तर त्याच्या आईबापांना फडावर जाण्यापूर्वी गाठा. पंप दिला तर सवय लागेल, ही भीती त्यांच्या मनात असते. औषधाची अल्प मात्रा थेट नलिकांत जाते आणि सवय लागत नाही, एवढे त्यांना समजावून सांगा.