होडीचे इंजिन आणि बाटलीतले औषध

गेल्या वर्षी मासेमारीचा हंगाम उघडून चार दिवस झाले असतील नसतील, तोच आमच्या धर्मग्रामातील एका होडीचे इंजिन भर समुद्रात बंद पडले. होडीत बाप व त्याचे दोन पुत्र होते. इंजिन सुरू करावयाची दोरी ओढून ओढून तिघांचेही तळहात सोलून निघाले. पण ते काही बोलेना. दिवेलागणीच्या सुमारास दुसऱ्या एका होडीने त्यांस ओढीत किनाऱ्यास आणले. तोवर घरच्या माउलीच्या हातांतून जपमाळेचे मणी किती वेळा फिरले, ते तिचे तिलाच ठाऊक. दुसऱ्या दिवशी तो बाप एक रिकामी बाटली घेऊन आमच्याकडे आला. "फादर, निघण्यापूर्वी ही सबंध बाटली टाकीत ओतली होती. दुकानदार म्हणाला, आतला सारा मळ धुऊन निघेल. मग असे का व्हावे?"

त्या वेळी आम्हांस उत्तर देता आले नाही. पुढे मेकॅनिकने इंजिन उघडले तेव्हा आम्ही मुद्दाम जवळ उभे राहिलो, जाणत्या मंडळींस विचारले, माहितीपुस्तिका वाचल्या. त्यातून जे उमगले ते, यंदाचा पावसाळा तोंडावर आला असताना, वाचकांपुढे ठेवीत आहोत. थोडक्यात सांगावयाचे तर औषध खोटे नव्हते. ते देण्याची वेळ टळून गेली होती.

होडीच्या पाठीस टांगावयाचे इंजिन ओले एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या अमेरिकन कारागिराने १९०९ साली बाजारात आणले, आणि तेव्हापासून लहान मच्छीमारांचे वल्हे मारण्याचे कष्ट पुष्कळ हलके झाले. परंतु हे यंत्र नाजूक प्रकृतीचे आहे. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीस बंदी असते. ज्या लहान होड्यांस ती लागू नाही, त्यांसही खवळलेला समुद्र बहुधा किनाऱ्यावरच बसवून ठेवतो. २९ जूनला संत पेत्राच्या सणानिमित्त कांदोळीस होड्या एकमेकींस बांधून सांगोडाचा उत्सव होतो, तेव्हा गाणीबजावणी चालू असतात; पण इंजिने मात्र खोपटात पडून असतात. ती बिघडतात ती याच विश्रांतीच्या दिवसांत.

कशी, ते पाहू. पेट्रोल हे दुधासारखे आहे. ते फार दिवस ठेवले की नासते. त्यातील हलका, चटकन पेट घेणारा अंश उडून जातो आणि उरलेल्या भागाशी हवेतील प्राणवायूचा संयोग होऊन डिंकासारखा चिकट पदार्थ तयार होतो. कार्ब्युरेटरमधील जेटची भोके केसाएवढी बारीक. त्यांत हा डिंक वाळून बसला की इंधनाची वाटच बंद होते. त्यातच आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असते. २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल आपल्या देशात २०२३ च्या फेब्रुवारीपासून विकले जाऊ लागले आणि २०२५ पर्यंत ते बहुतेक सर्वत्र पोहोचले. होडीच्या इंजिनांचे बहुतेक उत्पादक मात्र १० टक्क्यांपर्यंतच संमती देतात; म्हणून आपल्या इंजिनाची पुस्तिका काय सांगते ते प्रत्येकाने पाहावे. इथेनॉलचा स्वभाव पाणी ओढून घेण्याचा. पावसाळी दमट हवेतील पाणी ते शोषीत राहते आणि मर्यादा ओलांडली की पाणी व इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात व टाकीच्या तळाशी बसतात. इंजिनास इंधन पुरविणारी नळी नेमकी तळाशीच असते. आमच्या त्या होडीच्या टाकीत मे महिन्यातले पेट्रोल तसेच राहिले होते, आणि तळाशी हाच थर जमला होता.

आता बाटल्यांविषयी. दुकानात त्या एकाच फळीवर मांडलेल्या असतात, तरी त्यांची कामे निरनिराळी आहेत. एक जात आहे ती पेट्रोल टिकविणारी. ती डिंक होण्याची क्रिया लांबविते व धातूस गंज चढू देत नाही. दुसरी जात मळ काढणारी. तिच्यात पॉलिईथरअमाईनसारखे द्रव्य असते, व ते इंधनाच्या वाटेवरील चिकटा आणि पिस्टनच्या रिंगांभोवतीची काजळी हळूहळू सोडविते. तिसरी जात पाणी घालविण्याचे आश्वासन देणारी. तिच्यात बहुधा एखादे अल्कोहोलच असते, आणि ज्या पेट्रोलमध्ये आधीच इथेनॉल आहे त्यास आणखी अल्कोहोल देऊन विशेष काही साधत नाही. एकदा वेगळा झालेला थर पूर्ववत एकजीव करून पेट्रोल पहिल्यासारखे चांगले करील, अशी बाटली नाही. ते पेट्रोल काढून टाकणे हाच मार्ग. दगडासारखी घट्ट बसलेली काजळी, झिजलेला प्लग वा फाटलेली नळी हीदेखील बाटलीने बरी होत नाहीत. मात्राही लेबलावर लिहिली असेल तितकीच. दुप्पट घातल्याने गुण दुप्पट येत नाही. पेट्रोलमध्ये डांबरगोळ्या टाकणे किंवा पेट्रोलच्या इंजिनात केरोसीन मिसळणे हे जुने उपाय तर सोडूनच द्यावेत. त्यांनी मळ निघत नाही, उलट वाढतो. केरोसीनवर चालण्यासाठी घडविलेली इंजिने असतात, पण ती निराळी.

मग करावे काय? होडी वर ओढण्यापूर्वी टाकीत ताजे पेट्रोल घेऊन त्यात टिकविणारे औषध मापाने घालावे, आणि इंजिनास गोडे पाणी देऊन सुमारे १० मिनिटे ते चालवावे. याने दोन कामे होतात: आतले खारे पाणी धुऊन निघते आणि औषध मिसळलेले पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचते. नुसते टाकीत ओतून ठेवले तर ते तिथवर जातच नाही. नंतर इंधनाची नळी काढून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्यावे व कार्ब्युरेटरच्या वाटीत उरलेले थेंब काढावेत. सुटी टाकी असल्यास ती रिकामी करणे उत्तम. त्यातले पेट्रोल तेल न मिसळलेले असेल तर स्कूटरला चालेल. तेल मिसळलेले मात्र स्कूटरमध्ये घालू नये. पेट्रोल घरात, चुलीजवळ तर कधीच ठेवू नये, आणि नासलेले पेट्रोल नदीत ओतू नये. त्याच नदीतल्या तिसऱ्या आपण खातो.

दोन फेऱ्यांच्या इंजिनात तेलही योग्य हवे. पाण्याने थंड होणाऱ्या या इंजिनांसाठी टीसी-डब्ल्यू३ या खुणेचे, राख न ठेवणारे तेल असते. मोटारसायकलचे तेल स्वस्त म्हणून घातले तर राख साठते, आणि मग तीच काढावयास बाटली विकत आणावी लागते.

हंगाम उघडताना एक सोपी परीक्षा करावी. टाकीच्या तळाचे थोडे पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत घेऊन काही वेळ स्थिर ठेवावे. मधे रेघ दिसली तर ते पेट्रोल घेऊन समुद्रावर जाऊ नये. समुद्रापासून दूर इंदूर, ग्वाल्हेर वा हैदराबाद येथे राहणाऱ्या आमच्या वाचकांनाही ही परीक्षा उपयोगी पडेल. महिनोन् महिने उभा राहिलेला जनरेटर याच कारणाने रुसतो.

आम्हां धर्मगुरूंस या गोष्टीत नवल असे काही वाटत नाही. वर्षभर मनाची झाडलोट न करता, सारे एका दिवसात धुऊन निघावे, अशी इच्छा बाळगणारे आम्हांस नित्य भेतात, आणि आम्हीही त्यांतलेच आहोत. परमेश्वराची कृपा उशिरा येणाऱ्यासही पदरात घेते. समुद्र तितका दयाळू नाही.

परवा त्या कुटुंबाकडे जाणे झाले. खोपटाच्या खुंटीस एक काचेची बाटली दोरीने टांगलेली दिसली. "ही काय?" म्हणून आम्ही विचारले. थोरला मुलगा हसून म्हणाला, "फादर, ही औषधाची नव्हे. परीक्षेची."