अडकलेली डिझेल-गाळणी कशी काढावी?

ग्रामीण भागात भाजीपाला, दूध, खते आणि प्रसंगी रुग्णही पिकअप गाडीतूनच नेले जातात. अशा डिझेल गाडीची चढावरील ओढ कमी झाली किंवा ती सुरू होण्यास वेळ घेऊ लागली, तर पुष्कळदा दोष इंजिनाचा नसून तुंबलेल्या गाळणीचा असतो. गाळणी बदलणे हे काम सोपे आहे. परंतु ती अडकली असता बळजबरी केल्यास डब्याचा पत्रा फाटतो, क्वचित वरची बैठकही तडकते व अल्प खर्चाचे काम महाग पडते.

गाळणी का अडकते?

अनेक पिकअप गाड्यांत आट्यांवर फिरवून बसविण्याची, डब्याच्या आकाराची गाळणी असते. डबा व बैठक यांच्यामध्ये रबरी वॉशर असतो. तो कोरडाच बसविला किंवा डबा पान्याने आवळला, तर उष्णतेने रबर कडक होऊन बैठकीला चिकटते. किनारपट्टीच्या दमट, खाऱ्या हवेत पत्र्यास चढणारा गंज त्यात भर घालतो.

काढण्याची रीत

गाडी सपाट जागी उभी करून हातब्रेक लावावा, किल्ली काढावी व इंजिन थंड होऊ द्यावे. जवळपास विडी किंवा दिवा नसावा. डब्यास पाणीदर्शक तार जोडलेली असल्यास ती अलगद सोडवावी. भोवतालची धूळ पुसून, तळाचा स्क्रू सैल करून डिझेल भांड्यात काढून घ्यावे.

नंतर दिशा निश्चित करावी. खाली लोंबणारा डबा खालून पाहिला असता घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने सैल होतो. वरून पाहून फिरविणाऱ्याची येथेच फसगत होते व डबा अधिक आवळला जातो. डबा कोरडा पुसून पट्ट्याचा पाना बैठकीलगतच्या कडेजवळ लावावा. मध्यभागी पत्रा दबतो. हिसका न देता जोर हळूहळू वाढवावा. बैठकीवर हातोडा मारू नये. ज्योतीने तर कदापि तापवू नये. डब्यात स्क्रू-ड्रायव्हर आरपार ठोकल्यास पत्रा फाटून पकडच उरत नाही. म्हणून तो उपाय अगदी शेवटचा समजावा.

नवी गाळणी बसविताना

जुना वॉशर बैठकीला चिकटून राहिलेला नाही, याची खात्री करावी. दोन वॉशर एकावर एक आल्यास गळती होते. नव्या वॉशरला स्वच्छ डिझेलचे बोट लावून डबा हाताने फिरवावा. वॉशर टेकल्यावर डब्यावर छापलेल्या सूचनेनुसार, सामान्यतः अर्धा ते पाऊण फेरा, हातानेच आवळावा. हातपंप असल्यास त्याने हवा काढावी. आधुनिक गाड्यांत इंजेक्टरकडे जाणाऱ्या नळ्यांतील दाब वातावरणाच्या दाबाच्या 1,000 पटींहूनही अधिक असू शकतो. त्या नळ्यांना हात लावू नये.

जुनी गाळणी व मळके डिझेल विहिरीजवळ किंवा ओढ्यात टाकू नये. बसविताना घेतलेली ही काळजीच पुढील वेळी गाळणी सहज निघण्यास कारणीभूत ठरते.