गिअर गेला म्हणजे वायर बघा

सकाळी ८. धाराशिवमधल्या दुकानात ही वेळ शाळकरी मुलींची. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना मिळालेल्या सायकलींना गिअर नसतो. पंक्चर, ब्रेक, चेन बघून त्यांना आधी मोकळं करायचं.

१०.३०. वस्तीवरचं पोरगं येतं. "मामा, गिअर चढंना गेलाय. डिरेलरच गेलं म्हणत्येत."

डिरेलरला, म्हणजे चेन मागच्या चाकाच्या एका दातेरी चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाला, हात लावायच्या आधी मी वायर बघतो. मागच्या चाकापाशी आउटरला, म्हणजे वायरीवरच्या आवरणाला, वळण असतं. पावसाळ्यात काळ्या रानातला चिखल तिथंच बसतो, वाळतो. त्यात कुणीतरी जळकं ऑईल सोडलेलं, म्हणजे धुळीला आमंत्रणच. शिमानोनं १९८४ मध्ये शर्यतीच्या सायकलींवर आणलेल्या खटक्याच्या गिअरमध्ये एका खटक्याला वायर जेमतेम तीन मिलिमीटर सरकते. तेवढीही ती अडली, की चेन दोन चकत्यांच्या मधे कुरकुरत राहते.

चेन सगळ्यात लहान चकतीवर घेतली, बोल्ट सैल केला, वायर शिफ्टरमधून मागं ढकलली. वायरच्या टोकाच्या घुंडीजवळ दोन तारा तुटलेल्या. आणखी चार दिवसांत पूर्ण तुटली असती.

"आउटर ब्रेकचीच टाका की."

नाही टाकायची. ब्रेकच्या आउटरमध्ये तार गुंडाळलेली असते; ताण आला की ती आकसते आणि गिअर जागेवर राहत नाही. गिअरच्या आउटरमधल्या तारा उभ्या असतात. ती ब्रेकला लावली आणि जोरात ब्रेक दाबला, तर फाटू शकते. तिथं जिवाशी गाठ आहे.

नवी आउटर कटरनं सरळ कापली, तोंड कानशीनं घासलं, दबलेली आतली नळी टोच्यानं उघडली, टोकांना टोप्या बसवल्या. १.२ मिलिमीटरची नवी वायर ओढून बोल्ट आवळला. मग मधेच धरून वायर दोनतीनदा ताणली, म्हणजे आउटर टोप्यांत बसते. सुटलेला ढिलेपणा काढून बोल्ट पुन्हा आवळला.

१ वाजता भाकरी.

२.३०. स्टँडवर पायडल फिरवून गिअर लावणं. मोठ्या चकतीवर चढायला उशीर झाला, तर ॲडजस्टर पाव फेरा बाहेर. आवाज बंद होईपर्यंत घाई नाही.

५. पोरगं चढावर चक्कर मारून येतं. "बेस झालं, मामा." डिरेलर तेच आहे.

रात्री ८ ला शटर. पावसाळा संपला की वायर तपासून घ्या, आणि बदलाल तेव्हा आउटरही बदला.