जैनदचं देऊळ : झाकण हरवलेलं जिगसॉ

जिगसॉ जुळवणाऱ्याची सगळी मदार खोक्याच्या झाकणावर असते. पाचशे तुकडे सतरंजीवर ओतायचे, कडेचे वेगळे काढायचे आणि दर दोन मिनिटांनी झाकणावरचं चित्र बघायचं. आमच्या घरातल्या धाकट्याला एवढाही दम नसतो. तुकडा बसला नाही की तो वरून बुक्की मारतो. आभाळाचा निळा तुकडा त्यानं एकदा असाच नदीत बसवला होता. लांबून कळतही नव्हतं.

आदिलाबादहून कोरपना-चंद्रपूरच्या रस्त्याला लागलं की वीसेक किलोमीटरवर जैनद येतं. कुणी जैनथ म्हणतं. काळ्या दगडाचं जुनं देऊळ आणि गाभाऱ्यात लक्ष्मीनारायण. कार्तिकात उत्सव भरतो, तेव्हा पैनगंगेपलीकडूनही माणसं येतात. नावात जैन आणि गाभाऱ्यात विष्णू. बांधणी जैन वळणाची म्हणून गावाला हे नाव पडलं, असं सांगतात. इथपर्यंत ठीक आहे.

पण जैनदला एक शिलालेख आहे, आणि त्यातला मुख्य देव या दोघांपैकी कुणीच नाही. लेखाच्या आरंभी वंदन आहे ते सूर्याला. पुढे जगद्देव परमाराचे पराक्रम येतात. आंध्राचा राजा, बस्तरकडचं चक्रदुर्ग, दोरसमुद्राचे होयसळ, अबूजवळचे गुर्जर, सगळ्यांना त्यानं कसं नमवलं त्याची भाटगिरी. हा जगद्देव माळव्याच्या उदयादित्याचा मुलगा. भोजराजा त्याचा काका. घरची गादी सोडून तो कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याकडे आला. यवतमाळ जिल्ह्यातल्या डोंगरगावला शके 1034 चा, म्हणजे इसवी सन 1112 चा लेख सापडला, त्यातही तो भेटतो. तेव्हा पैनगंगेच्या दोन्ही अंगांना याचं वजन होतं, असं दिसतं. जैनदच्या लेखाचा खरा मुद्दा मात्र शेवटी येतो : जगद्देवाच्या पदरी असलेल्या लोलार्काची बायको पद्मावती हिनं निंबादित्याचं, म्हणजे सूर्याचं, देऊळ बांधलं. लढाया नवऱ्यांच्या, देऊळ बाईचं. पर्यटकांना मिळणाऱ्या माहितीत तिचं नाव मला दिसलेलं नाही. तिथं लेखाची भाषा प्राकृत होते आणि देऊळ बांधणारा कुणी पल्लव सरदार. लेख संस्कृतात आहे. हा बुक्की मारून बसवलेला तुकडा.

दुसरी बुक्की आपली, मराठी माणसांची. काळा घडीव दगड दिसला की आपण ‘हेमाडपंती’ म्हणून मोकळे होतो. हेमाद्री देवगिरीच्या यादवांचा मंत्री, तेराव्या शतकातला. जगद्देव त्याच्या दीडेकशे वर्षं आधीचा.

हा खेळच मुळी नकाशातून निघाला. लंडनच्या जॉन स्पिल्सबरीनं 1760 च्या दशकात लाकडी फळीवर नकाशा चिकटवला आणि राज्याराज्यांच्या सीमेवरून करवतीनं कापला. पोरांनी देश जुळवत भूगोल शिकायचा. आदिलाबादच्या माणसाला हे वेगळं समजावायला नको. 1956 साली राज्यं नव्यानं आखली तेव्हा याच जिल्ह्यातून किनवट आणि राजुरा कापून मुंबई राज्याला जोडले. उरलेला जिल्हा आंध्रात गेला आणि 2014 पासून तेलंगणात आहे. करवत नकाशावरून फिरली, सोयरिकी मात्र दोन्हीकडे राहिल्या.

दगडाची कोडी सुटतात. जुन्या देवळांत दोन दगडांमध्ये चुना नसतो, खाच आणि कुसू एकमेकांत बसतात, वरच्याचा भार खालच्याला धरून ठेवतो. हनमकोंड्याला रुद्रदेव काकतीयाचं 1163 चं हजार खांबांचं देऊळ आहे. त्याचा कल्याणमंडप कलायला लागला, तेव्हा 2006 मध्ये पुरातत्त्व खात्यानं तो दगड न् दगड उतरवला. प्रत्येकाला नंबर घातला, पाया नव्यानं भरला आणि मंडप परत रचला. तो खुला झाला मार्च 2024 मध्ये. अठरा वर्षं लागली, पण तिथं नंबर होते. जैनदच्या गोष्टीच्या तुकड्यांवर नंबर कुणी घातलेले नाहीत. सूर्याचं देऊळ हेच का, की ते पडलं आणि शिळा तेवढी उरली? नारायण आधीपासून होता की मागून आला?

एक तुकडा आहे. दसरा झाला की आश्विनात सकाळची किरणं थेट गाभाऱ्यात जाऊन मूर्तीच्या पायांवर पडतात, असं आदिलाबादकर सांगतात, आणि ते बघायला गर्दी होते. निंबादित्याशी रंग तर झकास जुळतो. हातात घेतला की बसवून टाकावासा वाटतो. पण पूर्वेकडे तोंड असलेल्या कितीतरी देवळांत असं ऊन शिरतं, तिथं सूर्य कधीच नव्हता. म्हणून हा तुकडा मी अजून कडेलाच ठेवलाय.