वहाणेचे ऋण

उपकाराची पराकाष्ठा सांगताना मराठी माणूस आपल्या कातड्याचे जोडे करून उपकारकर्त्याच्या पायांत घालण्याची भाषा करतो. बाराव्या शतकातील हरळय्या या शरणाने तर हे अक्षरशः केले, अशी कथा आहे. बसवेश्वरांनी त्याच्या एका वंदनाला दोनदा वंदन करून उत्तर दिले. हे ऋण फेडण्यासाठी चर्मकार हरळय्याने आणि त्याच्या पत्नीने आपल्या मांडीच्या कातड्याचे जोडे शिवले, आणि बसवेश्वरांनी ते पायांत न घालता मस्तकी धरले. कृतज्ञता व्यक्त करण्यासाठी मनुष्याने पायांतली वस्तू निवडावी, याची संगती लावू गेल्यास बायबलची पाने फार उपयोगी पडतात.

बायबलच्या काळच्या पॅलेस्टाईनमधील पादत्राण म्हणजे चामड्याचा तळवा आणि तो पायाला बांधणारी वादी. तेथील मसाडाच्या किल्ल्यावर १९६३ ते १९६५ या काळात यिगाएल यादीन यांनी केलेल्या उत्खननात रोमन वेढ्याच्या वेळच्या अशाच वहाणा सापडल्या. या साध्या वस्तूवर त्या समाजाने केवढा अर्थ लादला होता! जळत्या झुडपापुढे मोशेला वहाणा काढण्याची आज्ञा होते. तोरणा गडावर मेंगाई देवीच्या उंबरठ्यापाशी पाय आपोआप थबकतात, तोच हा संस्कार. पुढे मोशे आपल्या लोकांना स्मरण देतो, की चाळीस वर्षांच्या रानवाटेत तुमच्या पायांतल्या वहाणा झिजल्या नाहीत. त्या प्रवासात समुद्र दुभंगल्याचे स्मरण कोणीही ठेवील. न झिजलेल्या तळव्याचे स्मरण ठेवणे ही कृतज्ञतेची खरी कसोटी होय.

रूथच्या ग्रंथात तर वहाण दस्तऐवजाचे काम करते. जमिनीचा हक्क सोडणाऱ्याने वेशीवर, वडीलधाऱ्यांच्या साक्षीने, आपली वहाण काढून दुसऱ्याच्या हाती दिली की व्यवहार कायम झाला. कारण जमीन ज्याची, तिच्यावर पाय ठेवण्याचा अधिकार त्याचा. आपल्याकडील गावकीच्या महजरांत अशीच साक्षीची रीत दिसते. कारीचे जेधे, हिरडस मावळातले बांदल, गुंजण मावळातले शिळीमकर या देशमुखी घराण्यांच्या मुलखात वतनाचा तंटा गोतसभेपुढे आला, की मोकदमाच्या नावापुढे नांगर उमटे, सुताराच्या नावापुढे किंकरे आणि चांभाराच्या नावापुढे आरी. गावचा निवाडा लिहिताना त्या आरीची साक्ष लागत होती. मात्र तिच्या धन्याला चावडीत बरोबरीने बसवून घेण्याची कोणाची छाती नव्हती.

येथे मन विषण्ण होते. ढोर समाजाने चुन्यात भिजवून, बाभळीच्या सालीत आणि हिरड्याच्या पाण्यात मुरवून कमावलेले कातडे चर्मकाराने घ्यावे, रापीने बेतावे, तळाचे पदर एकावर एक ठेवून आरीने भोके पाडावीत, वादी ओवून कान आणि अंगठा बसवावा. त्याबद्दल सुगीला खळ्यावर बलुत्याच्या पेंढ्या पदरात घ्याव्यात. आणि ज्यांना गावाने अस्पृश्य ठरवले, त्यांना सवर्णांच्या आळीतून जाताना वहाण हातात धरावी लागावी, ही व्यवस्था महाराष्ट्रात शतकानुशतके चालली. बायबलमध्येही, इसवी सनापूर्वीच्या आठव्या शतकात, आमोस संदेष्टा, वहाणांच्या एका जोडासाठी दरिद्र्याला विकणाऱ्यांवर कडाडला होता. लूकच्या शुभवर्तमानातील बाप उधळ्या मुलाच्या पायांत जोडा घालावयास लावतो, त्याचेही मर्म हेच आहे: अनवाणी पाय दासाचे, जोड्यातले पाय पुत्राचे. गुरूची सर्व सेवा शिष्याने करावी, पण वहाणेची वादी सोडणे हे दासाचे काम त्याच्याकडून घेऊ नये, असा यहुदी शास्त्र्यांचा दंडक होता. म्हणूनच, येणाऱ्याच्या वहाणेची वादी सोडण्याचीही माझी योग्यता नाही, हे बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचे उद्गार ऐकणाऱ्यांच्या काळजाला भिडले असतील.

मावळातील भातशेतीही अनवाणी पायांचीच आहे. आषाढात चिखलणी झालेल्या खाचरात वहाणेचा उपयोग नाही. इरले किंवा घोंगडी डोक्यावर घेऊन दिवसभर वाकून लावणी करणाऱ्या बायांच्या पायांची बोटे पाण्याने कुजतात, त्यांना चिखल्या होतात, आणि रात्री त्यांवर तेल-हळद लावून पहाटे पुन्हा खाचर गाठावे लागते. आंबेमोहराचा सुगंधी भात पानात वाढून घेताना या पायांची आठवण करणारे गृहस्थ मला विरळाच भेटले.

पण हेच पाणी पुढे वंदनीय होते. भोरच्या डोंगरात उगम पावणाऱ्या नीरेला वेळवंडी आणि वेल्ह्यातून आलेली गुंजवणी मिळते, आणि आषाढी वारीत पालखी नीरेच्या काठी पोहोचली म्हणजे दत्त घाटावर ज्ञानेश्वर माउलींच्या पादुकांना याच नीरेचे स्नान घडते. देवत्व पादुकांच्या रूपाने पूजणारी आपली परंपरा भरताने चौदा वर्षे सिंहासनावर ठेवलेल्या रामपादुकांइतकी जुनी आहे. पादुकांपुढे नमलेले मस्तक वहाण शिवणाऱ्यापुढे मात्र क्वचितच नमले. या बाबतीत वारीने समाजाच्या पुढे पाऊल टाकले, असे माझे मत आहे. वाटेवर ठिकठिकाणी चर्मकार बांधव आरी आणि दोरा घेऊन बसतात, वारकऱ्यांच्या तुटलेल्या चपला एक पैसाही न घेता शिवून देतात, आणि वारकरीही त्यांना ‘माउली’ म्हणून, जात न विचारता, वाकून पायांवर हात ठेवतात.