एका डेलियात किती फुलं?

थंडीत कुणाच्या बागेत डेलिया फुललेला दिसला, तर मालकांना विचारून एक फूल मागून घ्या. एकेरी मिळालं तर उत्तम! एकेरी म्हणजे बाहेर पाकळ्यांची एकच रांग आणि मध्ये पिवळा गोल.

आता त्या पिवळ्या गोलावर भिंग धरा. काय दिसतं? चिमुकल्या नळ्या दाटीवाटीने उभ्या आहेत. कडेच्या आधी उमलतात, मधल्या मागाहून. उमललेल्या नळीच्या तोंडाशी इवलीशी पाच टोकं दिसतील. ही एकेक नळी म्हणजे एक अख्खं फूल! आणि बाहेरची जिला आपण पाकळी म्हणतो ना, तीही एक फूलच. म्हणजे तुमच्या हातात एक फूल नाहीच, फुलांची सभा आहे! सूर्यफूल, शेवंती, झेंडू ही सगळी याचीच भावंडं, एकाच कुळातली.

डेलिया मूळचा मेक्सिकोच्या डोंगराळ भागातला. (झेंडूही तिथलाच बरं का, दसऱ्याला तोरण बांधताना आठवा.) तिथल्या नाहुआत्ल भाषेत त्याला ‘अकोकोत्ली’ म्हणत. अर्थ साधारण ‘पाण्याची नळी’, कारण खोड आतून पोकळ. मला तर हेच नाव जास्त आवडतं, झाडाकडे नीट बघून ठेवलेलं!

मग ‘डेलिया’ कुठून आलं? १७८९च्या सुमारास हे झाड मेक्सिकोहून स्पेनमध्ये, माद्रिदच्या शाही वनस्पती उद्यानात पोहोचलं. तिथल्या काव्हानियेस या शास्त्रज्ञांनी १७९१ मध्ये त्याचं नाव ठेवलं ‘डाहलिया’. ते ठेवलं स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ अंदेर्श दाल यांच्या आठवणीसाठी. दाल हे थोर वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस यांचे विद्यार्थी. १७८९ मध्येच, अवघ्या ३८व्या वर्षी ते वारले होते. पुढे एका जर्मन शास्त्रज्ञांनी नाव बदलून ‘गेओर्गिना’ केलं. जगभर ते टिकलं नाही, पण रशियात आजही लोक डेलियाला त्याच धर्तीच्या नावाने ओळखतात.

आणखी एक गंमत. बऱ्याच सजीवांत गुणसूत्रांचे दोन संच असतात, बागेतल्या डेलियात मात्र आठ! त्यामुळे लाल डेलियाचं बी पेरलं तर फूल लालच येईल याचा नेम नाही. पिवळं येईल, जांभळं येईल, दुरंगीही येईल. फक्त अस्सल निळं येणार नाही. अगदी तस्संच फूल हवं असेल, तर बी नको, कंद लावा. तोही डोळा असलेला, कारण कोंब तिथूनच फुटतो.