आभासी चलनाची विक्री आणि आयकराचा तक्ता

आपल्या वस्त्यांमधून बचत म्हटली की पोस्टाचे खाते, भिशी, एलआयसीची पॉलिसी आणि फार तर पतपेढीतील ठेव, एवढेच पूर्वी ठाऊक असे. आज घाटकोपर-मुलुंडच्या लोकलमध्ये दांड्याला लोंबकळत मोबाईलवर बिटकॉइन घेणारी आणि दादर येईतो विकून मोकळी होणारी मुले आम्ही पाहतो. आमचे मत विचाराल तर हातावर पोट असणाऱ्याने या वाटेला जाऊ नये. परंतु जे गेले आहेत, त्यांनी निदान आयकराच्या विवरणपत्रात ही विक्री कशी दाखवावी, एवढ्यापुरताच हा लेख आहे.

या विषयाकडे आमचे लक्ष २०२५ साली वेधले गेले. त्या वर्षी आयकर खात्याने, ज्यांचे आभासी चलनाचे व्यवहार दिसत होते पण विवरणपत्रात त्यांचा तक्ता भरलेला नव्हता, अशा करदात्यांना संदेश पाठविले. मुलुंडच्या एका घरातही असा संदेश आला. नोकरी करणारे वडील, वार्षिक पगार नऊ लाखांच्या घरात. पॅन क्रमांक वडिलांचा, पैसे वडिलांचे, मोबाईलवरचा हात मात्र मुलाचा. स्टेशनजवळच्या एका फॉर्म भरून देणाऱ्याने पगाराचा कागद पाहून ‘सहज’ हा फॉर्म भरून दिलेला. वडील घाबरून आमच्याकडे आले. आता पोलीस येणार काय, हा त्यांचा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न अधिक योग्य होता: ‘आपल्याला तर फायदा झालाच नाही, मग कर कसला?’

प्रथम थोडी पार्श्वभूमी. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाने बँकांना या व्यवहारांपासून दूर राहण्यास सांगितले होते. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी ते परिपत्रक रद्द ठरविले. पुढे २०२२ च्या वित्त कायद्याने या वस्तूला ‘व्हर्च्युअल डिजिटल ॲसेट’ असे नाव दिले, आणि १ एप्रिल २०२२ पासूनच्या नफ्यावर कलम ११५बीबीएच खाली सरसकट ३० टक्के कर बसविला. त्यावर ४ टक्के उपकर. १ जुलै २०२२ पासून प्रत्येक विक्रीच्या रकमेतून १ टक्का टीडीएस कापणेही आले. आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नासाठी आहे. त्यात कलमांचे आकडे बदलले, दर मात्र ३० टक्केच ठेवला.

हा टीडीएसच खात्याचा डोळा आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. एक टक्का रक्कम किरकोळ वाटते. पण ती कापली की त्या विक्रीची नोंद तुमच्या पॅन क्रमांकावर, २६एएस आणि एआयएस या दोन्ही पत्रकांत उमटते. ‘खात्याला कुठून कळणार’ असे म्हणणाऱ्यांना आम्ही आधी ही दोन पत्रके उघडावयास लावतो.

आता त्या वडिलांचा हिशेब पाहू. वर्ष २०२३-२४. एप्रिल २०२३ मध्ये २०,००० रुपयांचे बिटकॉइन आणि १५,००० रुपयांचे इथर घेतले. १२ ऑक्टोबरला इथर देऊन त्याबदल्यात दुसरे एक नाणे घेतले. त्या दिवशी त्याची किंमत १२,००० रुपये होती. ५ डिसेंबरला बिटकॉइन २९,००० रुपयांना विकले. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते दुसरे नाणे १५,००० रुपयांना गेले. मुलाचे गणित सरळ होते: एका हाताने १५,००० घातले, १५,००० परत आले, म्हणजे शून्य, राहिले बिटकॉइनचे ९,०००.

कायद्याचे गणित तसे नाही. नाण्याच्या बदल्यात नाणे घेणे हीही विक्रीच होय, बँकेत रुपया आला नाही तरी. म्हणजे इथरमध्ये ३,००० चा तोटा झाला आणि दुसऱ्या नाण्यात ३,००० चा नफा. आणि एका नाण्याचा तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातून वजा होत नाही. मार्च २०२२ मध्ये सरकारने लोकसभेत लेखी उत्तरातही हे स्पष्ट केले होते. तो पुढील वर्षीही नेता येत नाही. पगारातून वजा करण्याचा तर प्रश्नच नाही. म्हणून करपात्र नफा ९,००० नव्हे, १२,०००. त्यावर कर ३,६००, उपकर १४४, एकूण ३,७४४. टीडीएस कापला गेला तो ५६,००० च्या विक्रीवर ५६० रुपये. बाकी ३,१८४. हा नियम आम्हांस अन्यायाचा वाटतो. शेअरच्या तोट्याला जी मुभा आहे ती येथे नाही. पण विवरणपत्र भरताना आपल्या वाटण्याला किंमत नसते.

येथेच सॉफ्टवेअरचा प्रश्न येतो. ‘सहज’ वा ‘सुगम’ या फॉर्मांत हे उत्पन्न दाखविण्याची सोयच नाही. अधूनमधून विक्री करणाऱ्या पगारदाराने आयटीआर-२ घ्यावा; धंदा म्हणून करणाऱ्याने आयटीआर-३. खात्याचे स्वतःचे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे. त्यात ‘शेड्यूल व्हीडीए’ हा तक्ता निवडावा लागतो. न निवडल्यास तो समोर येत नाही, आणि पुष्कळांची चूक एवढ्यावरच होते.

तक्त्यात दर विक्रीला एक ओळ. घेतल्याची तारीख, दिल्याची तारीख, भांडवली नफा की धंदा, खरेदीची किंमत, मिळालेली रक्कम आणि शेवटी उत्पन्न. तोटा असेल तर शेवटच्या रकान्यात शून्य. ही शून्याची ओळ वाचकांनी गाळू नये. इथरची ओळ गाळली तर २६एएस मध्ये ५६,००० ची विक्री आणि तक्त्यात ४४,००० ची, असा फरक पडतो, आणि यंत्र तोच फरक शोधत असते. वर्षाची सगळी बेरीज करून एकच ओळ लिहिण्याचा मोहही टाळावा. एकच ओळ केली की नफा-तोटा आपोआप एकमेकांत मिसळतो, जे कायद्याला मंजूर नाही. शिवाय तारीख कोणती लिहिणार? ज्यांच्या शेकडो विक्री आहेत त्यांच्यासाठी काही खासगी सॉफ्टवेअरांत एक्स्चेंजची फाइल जशीच्या तशी चढविता येते. चढवावी, पण नंतर प्रत्येक तारीख व खरेदीची किंमत डोळ्यांखालून घालावी. एकाच्या फाइलमध्ये दुसऱ्या ठिकाणाहून आणलेल्या नाण्याची खरेदी किंमत शून्य धरलेली आम्ही पाहिली. पूर्ण विक्रीच नफा ठरत होती. विक्रीचे शुल्क वा टीडीएस खर्च म्हणून वजा करू नये; खरेदीच्या किमतीखेरीज कोणताही खर्च मान्य नाही.

तक्ता झाला म्हणजे काम झाले नाही. भांडवली नफ्याच्या पानावर तोच नफा तिमाहीवार विभागून द्यावा लागतो: आपल्या उदाहरणात ९,००० हे १६ सप्टेंबर ते १५ डिसेंबरच्या रकान्यात, ३,००० हे १६ डिसेंबर ते १५ मार्चच्या. नंतर टीडीएसच्या पानावर १९४एस खाली कापलेली रक्कम मागावी.

‘बारा लाखांपर्यंत कर नाही’ हे २०२५ च्या अर्थसंकल्पापासून ज्याच्या-त्याच्या तोंडी आहे. ती सूट अशा खास दराच्या उत्पन्नाला लागू नाही. मूळ सवलत मर्यादाही येथे उपयोगी पडत नाही.

आपल्या नोंदी दर महिन्याला उतरवून घराच्या कागदांत ठेवाव्यात, हे आम्ही आग्रहाने सांगतो. मुंबईतून चालणाऱ्या वझीरएक्स या एक्स्चेंजमधून १८ जुलै २०२४ रोजी सुमारे २३ कोटी डॉलरची चोरी झाली, आणि व्यवहार पुन्हा सुरू व्हावयास ऑक्टोबर २०२५ उजाडला. अडकलेले पैसे म्हणजे विक्री नव्हे. पण त्याआधी झालेल्या विक्रीचा हिशेब तर द्यावाच लागतो.

त्या वडिलांचे काय झाले, हे वाचक विचारतील. पोलीस आले नाहीत. मुदत उलटली होती म्हणून आम्ही अद्ययावत विवरणपत्र, म्हणजे आयटीआर-यू, भरविले. ते संबंधित कर निर्धारण वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत भरल्यास २५ टक्के जादा कर पडतो, आणि उशिराप्रमाणे ५०, ६०, ७० टक्क्यांपर्यंत वाढतो. २०२५ पासून एकूण मुदत चार वर्षांची आहे. त्यांना ३,१८४ वर ७९६ जादा, असे ३,९८० रुपये भरावे लागले. मुलाने रविवारी शेजारी बसून तिन्ही ओळी स्वतः भरल्या. पाठविल्यानंतर आधारच्या ओटीपीने पडताळणी तीस दिवसांच्या आत करावी लागते. ती राहून गेली तर विवरणपत्र वेळेत भरले असे धरत नाहीत, म्हणून ती आम्ही वडिलांना जागेवरून उठण्याआधीच करावयास लावली.